सूपभर कोंड्याची पोर

"पयली दोनय पोरां गेली गो, सुनेत्रा. ह्या तरी रवांदे," असं म्हणत लक्ष्मीकाकूंनी कोंड्याने भरलेलं सूप माझ्या हातात दिलं. "ह्यो कोंडो देऊन तू पोरीक इकत घे."

मी हाताचं तेल पुसत होते. लालबागमधल्या आमच्या चाळीत एकतीस वर्षं मी बाळं न्हाऊ घालते, बाळंतिणींचं अंग रगडते आणि लोकांची खुळं ऐकते. उशाशी कात्री ठेवा, तिन्हीसांजेला लंगोट बाहेर वाळत घालू नका. आपण मान डोलवायची, हात चालू ठेवायचा. पण हे माझ्याही वाट्याला कधी आलं नव्हतं. ज्या घरात मुलं जगत नाहीत, तिथलं मूल कोंडा घेऊन परक्याला विकायचं. परक्याने ते आपल्या घरी न्यायचं आणि थोड्या वेळाने, सांभाळायला म्हणून परत आणून द्यायचं. सहाव्या दिवशी सटवाई नशीब लिहायला येते, तिला वाटावं, या घरात पोर नाहीच.

"अहो काकू, पण मीच का? मजल्यावर लेकुरवाळ्या काय कमी आहेत?"

"लेकुरवाळी कित्याक? जंय सटवी जायना, ता घर होया. तुज्या दारात ती कधी इली?"

काकू वाईट नाहीत. कांद्याचा भाव सांगावा तसं त्यांनी ते सांगितलं. पण मला लागलं. कालच पाचवीच्या पूजेला त्या मला 'जरा भायर थांब' म्हणाल्या होत्या आणि आज माझं रिकामं घरच त्यांच्या कामाला आलं.

"मावशी," त्यांची सून प्राची कॉटवरून म्हणाली, "मी बँकेत काम करते, मला हे काही पटत नाही. पण दोनदा हॉस्पिटलमधून रिकाम्या हाताने आलेय. आता रिस्क नाही घेणार. न्या तुम्ही हिला. अर्धाच तास हं."

मी सूप काकूंच्या पुढ्यात ठेवलं आणि पोर उचलली. चार दारं सोडून माझी खोली. आत आले आणि कडी लावली. का लावली, देव जाणे.

पोर झोपलेली होती. आणि मला एकदम उमगलं, की इतक्या वर्षांत माझ्या हातातलं प्रत्येक बाळ तेलकट होतं आणि भोकाड पसरलेलं होतं. कोरडं, शांत झोपलेलं बाळ मला कुणी कधी दिलंच नव्हतं. न्हाणं झालं, की माझ्याकडून काढून घेत. बरोबरच आहे, माझं काम तेवढंच.

मी तिला घर दाखवलं. हसाल, पण दाखवलं. "हा आपला ओटा. इथे सकाळी ऊन येतं. हे फोटोतले तुझे काका, जाऊन सहा वर्षं झाली, पण माणूस चांगला होता हो." झोपेत तिने माझं बोट पकडलं. मला ती हवी होती. सरळच सांगते, लाज कसली? परत द्यायचं मनात येईना. वाटलं, सटवाईने आज वाट चुकून इथंच यावं आणि लिहून टाकावं, ही सुनेत्राची.

आणि मग चरकलेच. अगं बाई, काय मागतेयस? कुठली सटवी आणि कुठलं काय, जन्मभर या गोष्टींना मी खुळं म्हटलं. पण मालवणापासून लालबागपर्यंत सगळ्या बायका नजरेला भितात, ती नजर अशीच असेल ना? पोटातून आलेली, हावरी. हिला दृष्ट लागायची असेल, तर ती माझीच लागेल. तव्याखालची काजळी बोटावर घेऊन मी तिच्या गालाला फासली, चांगली जाड. तोंड फिरवलं आणि कडी काढली.

प्राची दारातच उभी होती. टाके ओले असताना, भिंतीला धरून. तिने हात पुढे केले.

"अशीच नको देऊ. बोलाचा लागता," काकू म्हणाल्या. "माजी पोर सांभाळ, म्हण."

मी भिंतीकडे बघत म्हणाले, "माझी पोर आहे. सांभाळ."

"सांभाळते," प्राची म्हणाली. ती रडत होती. पोर तिच्या हातात गेली.

काकूंनी घड्याळाकडे बघितलं. "अर्धो तास खय झालो गो? धा मिनटा पण नाय झाली."

"झाला," मी म्हणाले.