आयती तापलेली गाडी

आमच्या उत्तर मिनेसोटात जानेवारीत कोणी तुमची गाडी तापवून ठेवली, तर त्याचे आभार मानायचे नसतात. फार तर त्याच्या पायऱ्यांवरचा बर्फ काढून द्यायचा आणि गप्प बसायचं. उपकार बोलून दाखवला की समोरचा कानकोंडा होतो. या आमच्या मुखदुर्बळपणाला आता मी शिव्या घालते, पण तीन आठवडे मीही तेच केलं.

जोलीन माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. बहीण गेली तेव्हा ती सहा वर्षांची होती, मीच वाढवली. नोव्हेंबरात ती ओमाहाहून नवऱ्याला, डेलला, सोडून माझ्याकडे आली. दंडावर बोटांच्या काळ्यानिळ्या खुणा होत्या. डेलने तिला बजावलं होतं, जाशील तिथून फरफटत आणीन. फोन तिने वाटेतच नदीत फेकला होता. चार दिवसांनी डेलने मला फोन केला. इथे नाही म्हणून मी शपथेवर खोटं बोलले. त्याचा परत फोन आला नाही. पटलं वाटतं मेल्याला, म्हणून मी खूश होते.

ख्रिसमसनंतर जोलीनला बेकरीत काम लागलं, सकाळी सातचं. बाहेर उणे तीस. पावणेसातला तिची गाडी दारात आधीच घरघरत असायची, काचांवरचा बर्फ वितळलेला. मला वाटायचं, ही पोरगी घरातूनच सुरू करते, हल्लीच्या गाड्यांना ते येतं. मंगळवारी तिला सुट्टी, मंगळवारी गाडी गप्प असायची. माझ्या पायऱ्या मात्र रोज झाडलेल्या असायच्या, त्या का, हे मी विचारलं नाही.

एका सकाळी कॉफी ओतता ओतता तिला राहवलं नाही.

"मावशी, एक सांगू? रागावू नकोस. रोज उठून माझी गाडी सुरू करायला बाहेर जातेस, आधी स्वतःचे गुडघे बघ."

"मी? मी कशाला मरायला जातेय बाहेर? तूच ना ती फोनवरून लावतेस?"

"माझा फोन बटणांचा आहे, मावशी. तूच तर आणून दिलास."

दोघींनी एकदमच दाराशेजारच्या खिळ्याकडे पाहिलं. दोन्ही किल्ल्या तिथेच होत्या. आणि बाहेर गाडी सुरू झाली.

मी खिडकीचा पडदा सारला. दिवे लागले होते, मागच्या नळीतून वाफ निघत होती, आत चिटपाखरू नव्हतं. जोलीन खाली जमिनीवरच बसली.

"त्याच्या फोनमध्ये आहे ती," ती म्हणाली. "गाडी त्याच्याच नावावर आहे. मावशी, त्याला माझी सुट्टीसुद्धा माहीत आहे."

गाडीच्या कंपनीला फोन लावला. पलीकडची बाई साखरेहून गोड. म्हणाली, खातं डेल यांचं आहे, त्यांच्या परवानगीशिवाय गाडी त्यातून काढता येणार नाही, त्यांना आत्ता लाईनवर घेऊ का? मी फोन आपटला. शेरीफच्या पोलिसाने तर हसूनच हात झटकले. "नवऱ्याने बायकोची गाडी गरम केली, यात गुन्हा कुठला, बाई?"

तेव्हा मी ठरवलं. त्याला गाडी दिसते ना? मग गाडीच त्याला लांब नेईल. एकोणतीस वर्षं मी शाळेची बस चालवली आहे. दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळी मी जोलीनच्या गाडीत बसले आणि पश्चिमेला फार्गोच्या रस्त्याला लागले. शेजारचा एइनो आपल्या जुन्या ट्रकमधून जोलीनला दुसरीकडे नेणार होता.

"कुठे नेतोयस ते मला सांगू नकोस," मी त्याला म्हटलं.

"बरं," एइनो म्हणाला. त्याचं भाषण संपलं.

जोलीनने मला घट्ट मिठी मारली. पोहोचल्यावर फोन करते म्हणाली.

फार्गोला एका मोठ्या दुकानाच्या वाहनतळात गाडी लावली आणि वाट बघत बसले. त्याला इकडे यायला जितका वेळ लागेल, तितकी ती लांब. इंजिन बंद होतं. दोन तासांनी माझ्या बुडाखालची सीट उबदार व्हायला लागली. मी कशालाच हात लावला नव्हता. मग चारही दारांची कुलपं खट्‌कन लागली, आणि हॉर्न वाजला. थांबला. पुन्हा वाजला. वाहनतळात आपली गाडी सापडली नाही की लोक वाजवतात ना, तसा.

रांगांमधून एक माणूस हातातल्या फोनकडे बघत येत होता. हॉर्न वाजला की मान वर करायचा. मी घाबरले, खरंच घाबरले. डेल खिडकीशी आला आणि त्याने आपल्या फोनवरूनच माझी काच खाली केली.

"आर्डिस मावशी, थंडी नाही ना वाजली? सीट लावली होती तुझ्यासाठी."

"ती यात नाही," मी म्हटलं.

"माहीत आहे. पहिल्या दहा मैलांतच कळलं. जोलीन एवढ्या जोरात ब्रेक मारत नाही. गाडी सगळं सांगते मला."

"मग आलास कशाला?"

"गाडी माझी आहे, न्यायला आलो." त्याने दार उघडून धरलं, अगदी अदबीने. "जोलीनची मला घाई नाही. पोहोचली की तुला फोन करेलच की ती. आणि तुझा हा फोन मीच घेऊन दिलाय ना, दोन ख्रिसमसपूर्वी? सगळं जोडूनसुद्धा मीच दिलं होतं. तू उचललास की मलाही ऐकू येतं."

मी किल्ली सीटवर टाकली आणि चालत बसथांब्यावर गेले. थांब्यावर पोहोचते न पोहोचते तोच खिशातला फोन थरथरला. अनोळखी नंबर होता. तिचाच असणार, पोहोचली असणार, मी ठीक आहे एवढंच सांगायचं असणार. तो आवाज ऐकायला माझा जीव तुटत होता.

फोन पंधरा वेळा वाजला. डेलला मी इथेच आहे असं दिसत राहावं म्हणून मी तो चालूच ठेवून कचऱ्याच्या डब्यात टाकला, आणि बस येईपर्यंत डब्यातून पुन्हा पुन्हा येणारी घंटी ऐकत उभी राहिले.