सगळ्यांचं एकशेवीस-ऐंशी

मी एक जुनं, पाऱ्याचं, रक्तदाब मोजायचं यंत्र आहे. माझं झाकण उघडलं की काचेची नळी उभी राहते. कापडी पट्टा दंडाला गुंडाळायचा आणि रबरी फुगा दाबत राहायचं, की पारा वर चढतो. मग हवा हळूहळू सोडायची. पारा उतरताना स्टेथोस्कोपमध्ये ठोके ऐकू येऊ लागतात तो वरचा आकडा, आणि ते थांबतात तो खालचा. एवढंच माझं काम. मला बोलता येत नाही, आणि खोटं तर मुळीच बोलता येत नाही. हा गुण की अवगुण, ते मित्रांनो, तुम्हीच ठरवा.

कारखान्यात एका जाड चष्म्याच्या बाईंनी माझ्यात पारा भरला होता. एक थेंब इकडेतिकडे होऊ दिला नाही. पुढे मी मोठ्या इस्पितळात आलो. तिथले माझे दिवस ऐटीत गेले. डॉक्टर माझ्या नळीकडे बघितल्याशिवाय तोंड उघडत नसत. नर्सताई मला रोज मऊ फडक्यानं पुसायच्या. नंतर बटणावर चालणारी नवी यंत्रं आली आणि माझी रवानगी झाली वैद्यकीय महाविद्यालयात, प्रॅक्टिकलच्या खोलीत. शिकाऊ मुलांच्या हाती म्हातारं यंत्र द्यायची पद्धतच आहे. मोडलं तरी कोणी हळहळत नाही.

इथे मुलं एकमेकांवर हात बसवतात. आज तू पेशंट, मी डॉक्टर, उद्या उलटं. पण पेशंट व्हायला सगळ्यांना एकच मुलगी हवी असायची. तिला सगळे ॲटलस म्हणत, म्हणजे शरीराच्या चित्रांचं पुस्तक. तिच्या हातावरची शीर शोधावी लागत नसे. पाठीवरून नुसती बोटं फिरवली तरी बरगड्या मोजता येत. सर म्हणायचे, अशी पेशंट मिळायला नशीब लागतं. तिची नाडी सावकाश चालायची, तर मुलं म्हणायची, खेळाडूची नाडी आहे. ती जराशी हसायची आणि दुसऱ्यासाठी बाही वर करायची. 

मला मात्र तिचा दंड ठाऊक होता. पहिल्या सत्रात माझा पट्टा तिच्या दंडाला बेताचा बसायचा. पुढे दंड बारीक होत गेला, तसं त्याचं टोक फिरून मागे जाऊ लागलं, मग आणखी मागे. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. रोज इतके होणारे डॉक्टर तिला तपासत होते आणि ती कोणालाच दिसत नव्हती.

त्या वर्गात उपाशी राहणं ही फुशारकीची गोष्ट होती. “जेवायला वेळ कुठाय” हे तिथे मान वर करून सांगायचं वाक्य होतं. सरसुद्धा आपल्या विद्यार्थिदशेतल्या उपासमारीच्या कथा रंगवून सांगत. ही मुलगी शाळेत कायम पहिली आलेली, आणि इथे पहिल्याच परीक्षेत मागे पडली होती. अभ्यास हाताबाहेर गेला, तेव्हा किती खायचं ते तरी आपल्या हातात राहावं असं तिला वाटलं असेल. जेवणाच्या सुट्टीत सगळे मेसकडे धावायचे आणि ही माझ्या टेबलाशी येऊन बसायची. पुस्तक उघडायचं, आणि थोड्या वेळानं माझ्या झाकणावर डोकं टेकायचं. आम्ही दोघंही एकटे होतो, पण मला तिला काही विचारता येत नव्हतं. तेव्हा मला फार वाईट वाटायचं.

आता त्या वर्गाची खोड सांगतो. निरोगी माणसाचा रक्तदाब एकशेवीस-ऐंशी, हे पुस्तकात छापलेलं असतं. दुसरा आकडा सांगितला की सर म्हणणार, नीट ऐकलं नाहीस, पुन्हा कर. म्हणून पोरं फुगा दाबायची, मान डोलवायची आणि बेधडक सांगायची, एकशेवीस-ऐंशी. माझा पारा कुठेही असो, सगळ्यांचं एकशेवीस-ऐंशी. ॲटलसचंही तेच.

फक्त एका मुलीला ही चलाखी जमली नाही. ती ॲटलसच्या खोलीत राहायची. तिच्या आवाजामुळे सगळे तिला भोंगा म्हणत. एकदा ॲटलसच्या दंडाला पट्टा बांधून तिनं मन लावून ऐकलं आणि सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं सांगितलं, “चौऱ्याऐंशी-पन्नास.”

खोली हसली. कोणी म्हणालं, भोंग्याला स्वतःच्या आवाजापुढे ठोके कुठले ऐकू येणार. सरांनी पुन्हा करायला लावलं. पुन्हा तेच. तेव्हा ॲटलसच हळूच म्हणाली, “सर, हे यंत्र बिघडलंय.” सरांना ते पटलं. त्यांनी मला कोपऱ्यातल्या कपाटात टाकलं. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय.

कपाटात अंधार होता आणि जुन्या काचेच्या बाटल्यांची सोबत, त्याही अबोल. दाराच्या फटीतून मला सुट्टीत येणारी तिची पावलं ऐकू यायची. पानं मात्र आता फारशी उलटत नव्हती. माझं मन माझ्यावरच्या आळापेक्षा तिच्या काळजीनं जास्त जळत होतं.

परीक्षा तोंडावर आली तेव्हा एका दुपारी कपाट उघडलं. समोर भोंगा होती. चांगली यंत्रं कुलपात, म्हणून सराव करायला तिला बिघडलेलंही चाललं असतं. ॲटलस नेहमीच्या जागी बसली होती. भोंग्यानं आधी स्वतःचाच रक्तदाब मोजला आणि भुवया उंचावल्या. “अगं, हे तर नीट चालतंय. दे तुझा हात.”

जिनं कधी कोणाला हात नाकारला नव्हता, तिनं बाही खाली ओढली. “नको. ते खोटं दाखवतं.”

“मग माझं बरं खरं दाखवलं?”

ॲटलसनं बाही पुन्हा वर केली आणि हात पुढे केला. माझ्या पट्ट्यानं दंडाभोवती जवळजवळ आणखी एक वेढा घेतला. मी माझा पारा जपून उतरवला. ठोके सुरू झाले ते चौऱ्याऐंशीच्याही खाली. भोंग्यानं कानातून स्टेथोस्कोप काढला. तिचा इतका हळू आवाज मी कधी ऐकला नव्हता.

“तू जेवतेस का गं?”

रोज तिच्या अंगाला इतके हात लागले होते, पण हा प्रश्न आजवर कोणी विचारला नव्हता. ॲटलस रडायला लागली. “आधी मीच ठरवून सोडलं होतं,” ती म्हणाली, “आता ठरवून पण खाता येत नाही.” मग तिनं भोंग्याचा हात धरला. कोणाला सांगू नकोस, म्हणाली, स्वतःलाच सांभाळता येत नाही ती डॉक्टर कसली होणार म्हणतील, घरी पाठवतील.

भोंग्यानं एका काखेत मला घेतलं, दुसऱ्या हातात तिचा हात, आणि थेट सरांच्या खोलीत गेली. सरांनी स्वतः दोनदा मोजलं. नंतर ते खुर्चीत बसले आणि बराच वेळ माझ्या नळीकडे बघत राहिले. त्या दिवशीच तिच्या आईला फोन गेला. मनाचे डॉक्टर आले, आहार सांगणाऱ्या बाई आल्या. तुझी जागा कुठे जात नाही, असं सरांनी तिला दोनदा सांगितलं, कारण पहिल्यांदा तिचा विश्वास बसला नव्हता.

ती उपचारांसाठी बरेच महिने घरी गेली होती. परत आली ती मागच्या वर्गात. अजून ती पूर्ण सावरलेली नाही. काही दिवस पुढे जाते, काही दिवस मागे येते. पण आता पेशंट हो म्हटलं तर ती सरळ नाही म्हणते. आणि आता कोणी न मोजता एकशेवीस-ऐंशी म्हटलं, की सर त्याला सगळ्यांसमोर पुन्हा मोजायला बसवतात.

मित्रांनो, पारा विषारी म्हणून आता मला कायमचं बाजूला ठेवलंय. तक्रार नाही. एवढंच मागतो, की कोणाचा हात हातात घ्याल तेव्हा पुस्तकातला आकडा त्याच्यावर चिकटवू नका. आणि यंत्र न पटणारं काही सांगू लागलं, तर त्याला कपाटात टाकण्याआधी समोरच्या माणसाला विचारा, जेवलास का, जेवलीस का.

जेवणाच्या सुट्टीत आता ही खोली रिकामी असते. टेबलाशी कोणी येऊन बसत नाही, माझ्या झाकणावर कोणी डोकं टेकत नाही. मला फार एकटं वाटतं. पण दूर मेसमधून भांड्यांचा आवाज येतो, त्यात भोंग्याचं हसणं ऐकू येतं, आणि तिच्या शेजारी कोण बसलं असेल ते मला ठाऊक असतं.