चार लांब स्वेश्ती

रादोयची गाडी तीन दिवस तीन पायांवर लंगडत होती. चढावर असे बार काढायची, की धुराड्यावरचे करकोचे त्या वर्षी पंधरा दिवस आधीच आफ्रिकेला निघून गेले. खोटं वाटत असेल तर परत आल्यावर त्यांनाच विचारा.

आज मात्र बाराच्या ठोक्याला त्याची नात रुम्याना नवरीच्या वेशात चर्चच्या दारात उतरायची होती. ती सहा वर्षांची असताना रादोयनं शब्द दिला होता, "तुझ्या लग्नाला ह्याच गाडीतून नेईन." पोरगी ते विसरली नव्हती. विसरला नव्हता मिंकोही. हा रादोयचा मेव्हणा, सेव्लिएवो शहरात राहणारा, नव्याकोऱ्या पांढऱ्या मोटारीचा मालक. "दाजी, तुमच्या गाडीत कोबी भरा. नवरीचं मी बघतो," असं आठवडाभर फोनवर ऐकवत होता.

रादोयला फिकीर नव्हती. चाळीस वर्षं त्यानं ट्रॅक्टरांची दुखणी काढली होती. सकाळी सातला इंजिन चालू ठेवून, हातात जाड रबरी मोजा चढवून त्यानं स्पार्क प्लगच्या वायरी एकेक करून उपसल्या. पहिली उपसली, इंजिन अडखळलं. दुसरीलाही अडखळलं. तिसरी उपसली तर इंजिनाला पत्ताच नाही.

"म्हणजे तू झोपलायस होय," रादोय म्हणाला.

इंजिन गार झाल्यावर त्यानं धूळ फुंकली, पाना लावला, चारही प्लग काढले. तिसऱ्याची चिनीमाती उभी तडकलेली, बाकीचे झिजून म्हातारे झालेले. त्यानं स्वयंपाकघराच्या खिडकीत डोकं घालून बायकोला सांगितलं, "स्तोयना, कुणाकडून तरी शहरातून चार स्वेश्ती मागव. लांब."

आता आमच्याकडे प्लगलाही स्वेश्त म्हणतात नि मेणबत्तीलाही स्वेश्तच. इंजिनात डोकं असलेल्या माणसाला हे सुचणं अवघड, आणि लग्नाच्या सकाळी चीज भरलेल्या पापुद्र्यांच्या तीन बनित्सा भट्टीत असलेल्या बाईला त्याहून अवघड.

साडेदहाला स्तोयना पीठ झटकत बाहेर आली. "मिंकोला सांगितलंय मघाशीच. चार, चांगल्या लांब, प्रत्येकीला पांढरी रिबीन बांधून."

रादोयचा पाना थांबला. "रिबीन कशाला?"

"मग काय नवरा-नवरी नुसत्याच मेणबत्त्या हातात धरतील? दोन त्यांच्या, दोन साक्षीदारांच्या."

रादोयनं इंजिनातल्या चार उघड्या भोकांकडे पाहिलं, त्यांवर फडकं पसरलं आणि म्हणाला, "बरं केलंस." बागेतल्या पंपाचा प्लग काढून बघितला. त्याचे आटे आखूड. काम होणार नव्हतं. तरी तो गाडीचे आरसे पुसायला लागला, जणू नवरी आता येऊन बसणारच आहे.

अकराला मिंकोची मोटार अंगणात शिरली. टपापासून नाकापर्यंत गुलाब.

"दाजी, अजून पुसताय? थडग्याचा दगडही इतका कुणी पुसत नाही."

"आणलंस का रे आक्कानं सांगितलेलं?"

"आणलं की." मिंकोनं डबा पुढे केला. "तुमची गाडी आजारी आहे हे शहरापर्यंत ऐकू येतं. मला वाटलंच मागाल. पण रिबिनीचं खूळ कुणाचं? दुकानदार पोट धरून हसत होता."

डब्यात चार नवेकोरे प्लग होते. लांब आट्यांचे. प्रत्येकाच्या गळ्यात पांढऱ्या रिबिनीचं फूल.

रादोयच्या चेहऱ्यावरची सुरकुतीसुद्धा हलली नाही. "शुभकार्याला रिबीन लागतेच," तो म्हणाला. फुलं सोडून त्यानं टोपीत खोचली, पातळ पट्टी घालून प्रत्येक प्लगची फट तपासली, आधी बोटांनी आटे बसवले, मग पान्यानं बेताचा पीळ दिला. वायरी जिथल्या तिथे चढवून किल्ली फिरवली. इंजिन असं गुरगुरलं, की कुंपणावरचं मांजर आपल्याच जातीचं कोणी आलं म्हणून जवळ सरकलं.

तेवढ्यात दारातून स्तोयनाचा आवाज आला. "मिंको, मेणबत्त्या कुठायत?"

मिंकोनं डब्याकडे पाहिलं, मग बहिणीकडे. "कसल्या मेणबत्त्या?"

"देवा रे. पळ. तासाभरात लागतील. ह्या गावात तुझ्याइतकी वेगवान गाडी आहे कुणाची?"

मिंको किल्ली काढत मोटारीकडे पळाला.

रुम्याना आजोबांच्या शेजारी बसून चर्चला पोचली, बाराला दहा कमी असताना. मिंको पोचला बाराला दोन कमी असताना. गुलाबांनी सजलेल्या त्याच्या मोटारीत मागच्या सीटवर चार लांब मेणबत्त्या बसल्या होत्या, पट्टा लावून, नवरीसारख्या ताठ.

रादोयनं टोपीतल्या चार रिबिनी काढून त्याच्या हातात ठेवल्या. "बांध," म्हणाला, "मापाच्याच आहेत."