दाराला टेकवलेला खराटा

मी खराटा बोलतोय. हसू नका. आमच्या गावात माझ्या शब्दाला जेवढा मान आहे, तेवढा पाद्रीबाबांच्याही नाही. मला घराच्या दाराला तिरकं टेकवलं की त्याचा अर्थ एकच: घरात कोणी नाही. मग कोणी दार वाजवत नाही, हाक मारत नाही, खिडकीतून डोकावत नाही. एकदा एक फिरता विक्रेता पायरीपर्यंत आला, मला पाहिलं, टोपी काढून मलाच नमस्कार केला आणि गेला.

फिनलंडच्या पूर्वेला, एका तळ्याकाठी, राइली नावाच्या बाईने मला बांधलं. पालवी फुटायच्या आधी तिने भूर्जाच्या डहाळ्या तोडल्या, तांब्याच्या तारेने घट्ट आवळल्या आणि आपल्या उन्हाळी घराच्या दाराशी मला उभं केलं. झाडावर मागे राहिलेल्या डहाळ्यांना पुढे पानं आली आणि जूनमध्ये त्या सौनात गेल्या. तिथे माणसं उघड्या अंगाने वाफेत बसतात आणि पानांच्या जुड्यांनी स्वतःला झोडपून घेतात. माझ्या भावंडांच्या नशिबी ऑस्मोची पाठ आली, मला राखणदारी मिळाली. मी त्यांना फार हसलो.

ऑस्मो म्हणजे राइलीचा नवरा. दोघं शहरातले. मे महिन्यात यायचे, सप्टेंबरात जायचे. आल्या आल्या राइली मला उचलून बाजूला ठेवायची आणि मोठ्याने म्हणायची, "चला, आलो आपण." ती हे म्हटल्याशिवाय ऑस्मो बूटसुद्धा काढायचा नाही. जाताना तीच मला परत टेकवायची. मधले महिने मी कोपऱ्यात आराम करायचो. झाडायला त्यांच्याकडे दुकानातला झाडू होता. खराट्याने झाडायचं असतं, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं.

हिवाळाभर घर केर्टूच्या हवाली असायचं. सत्तरीची ही बाई तळ्याकाठची सगळी रिकामी घरं सांभाळते. छपरावरचा बर्फ ओढून पाडते, उंदरांचे सापळे बघते, पाइप गोठून फुटू नयेत म्हणून मधूनमधून चूल पेटवते. आत जाताना ती मला बाजूला करी आणि निघताना परत टेकवी. तेवढाच तिचा हक्क. खराटा कायमचा उचलायचा तो घरच्याच माणसाने. परक्याने उचलला तर ते दार फोडण्यासारखंच.

एका सप्टेंबरात राइलीने मला टेकवलं, ते शेवटचं. नाताळच्या आधी ती शहरातल्या इस्पितळात वारली. केर्टू तिच्या अंत्यविधीला जाऊन आली आणि मग माझ्यावरचा बर्फ हाताने पुसत बराच वेळ पायरीवर उभी राहिली.

फेब्रुवारीत ऑस्मो आला. कुणालाही न कळवता, गोठलेल्या तळ्यावरून चालत, मागच्या व्हरांड्याच्या दाराने. मला त्याने हातही लावला नाही. पुढच्या दाराला बाहेरून मी टेकलेला, आतून तो. मी सांगत होतो घरात कोणी नाही, आणि आत एक धडधाकट माणूस रडत होता. माझ्या इतक्या वर्षांच्या नोकरीत असा पेच कधी पडला नव्हता.

मला वाटतं, त्याला मला उचलणं जमत नव्हतं. मला बाजूला ठेवायचं म्हणजे "चला, आलो आपण" म्हणायला हवं. आणि 'आपण' म्हणायला आता दुसरं कोणी उरलं नव्हतं.

धूर काही लपत नाही. ताइस्तो, म्हणजे केर्टूच्या बहिणीचा मुलगा, पन्नाशीचा गडी, ट्रॅक्टरने रस्त्यावरचा बर्फ सारायला आला होता. शेजारच्या छपरावरून केर्टू बर्फ ओढत होती. तिला पाहून तो थांबला.

"मावशी, ऑस्मोच्या धुराड्यातून धूर येतोय."

"खराटा आहे का दाराशी?"

"आहे की."

"मग नाही तो घरात."

"आत दिवाही लागलाय गं."

"दिवा काय, कुठल्याही घरात लागतो. खराट्याला खोटं बोलायची काय गरज?"

ताइस्तोने डोकं खाजवलं, ते त्याला पटलं आणि तो ट्रॅक्टर वळवून निघून गेला.

तुम्ही म्हणाल, वेड्यांचा बाजार आहे. तसं नाही. ज्याला एकटं राहायचं आहे त्याला एकटं राहू द्यावं, अशी इथली रीत. त्यापायी माणूस जिवाला मुकला तरी एकवेळ चालेल, पण त्याला अवघडल्यासारखं वाटता कामा नये.

गुरुवारी केर्टूची फेरी आली. तिने मला बाजूला केलं आणि दार उघडंच ठेवून आत गेली, त्यामुळे मला सगळं दिसलं. ऑस्मो टेबलाशी बसला होता, दाढी वाढलेली, समोर रिकामा कप. केर्टूने त्याच्याकडे पाहिलं नाही. तिने सापळे पाहिले, नळ सोडून पाहिला, चूल सारखी केली. मग जमीन झाडायला घेतली. टेबलाजवळ झाडू आला तसे ऑस्मोने पाय वर घेतले. तिने खालून झाडलं, त्याने पाय खाली ठेवले. रिकामं घर कसं सांभाळावं, ते या बाईकडून शिकावं.

बाहेर येऊन तिने मला परत टेकवलं, फोन काढला आणि पायरीवर उभं राहूनच नंबर लावला. माझ्या पाठीमागे, दाराच्या आत, घंटी वाजली.

"ऑस्मो, केर्टू बोलतेय. तुझं घर बघून आले."

"बरं. सगळं ठीक?"

"उंदीर नाहीत. पाइप शाबूत आहेत. घरात कोणी नाही. पण जे कोणी नाही, ते काही खात नाहीये."

आत रिकामा कप टेबलावर सरकल्याचा आवाज आला.

"भूक नसेल त्याला," ऑस्मो म्हणाला.

"असेल तसं. उद्या ताइस्तो लाकडं टाकून जाईल. रिकाम्या घरालाही ऊब लागते."

लाकडं आली. माझ्या पायाशी राय धान्याचा काळा पाव आला, माशाचं कालवण आलं. पाव पक्ष्यांनी नेला, कालवण गोठून दगड झालं. धूर दिवसेंदिवस बारीक होत चालला. एका सकाळी धुराडं थंडच राहिलं आणि मला पहिल्यांदा माझ्या कामाची लाज वाटली. मी कोसळून पडायचा प्रयत्न केला. पण केर्टूने टेकवलेला खराटा सहजी पडत नाही.

दुपारी केर्टू आली, फेरीचा वार नसताना. तिने धुराड्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि पायरीवर घसरून पडली. पडण्याआधी तिने पावाची पिशवी नीट बाजूला ठेवली होती आणि बसायच्या जागेचा बर्फ हाताने सारला होता. मी फक्त पाहिलं ते सांगतोय. बसल्या बसल्या तिने फोन लावला. आत घंटी वाजत राहिली, वाजत राहिली, आणि शेवटी एकदाची थांबली.

"ऑस्मो, मी तुझ्या पायरीवर पडलेय. पाय मुरगळलाय. म्हटलं, मालकाला कळवावं."

त्याचा आवाज खरवडून काढल्यासारखा आला. "मग कुणाला तरी हाक मार."

"कुणाला मारू? घरात कोणी नाही."

फोन कोणीच ठेवला नाही. केर्टूच्या पापण्यांवर बर्फ साचू लागला होता, ती खरोखरच गारठत चालली होती. तेवढ्यात माझ्या पाठीला धक्का बसला, दार उघडलं आणि मी तोंडावर आपटलो. आयुष्यात इतका आनंद मला कधी झाला नव्हता.

ऑस्मो मोज्यांवरच बाहेर आला.

"अगंबाई, ऑस्मो? तू कधी आलास?" केर्टू म्हणाली.

"आत्ताच."

"प्रवास बरा झाला ना?"

"लांब होता," तो म्हणाला.

त्याने मला उचलून बाजूला ठेवलं, तिला धरून उभं केलं आणि उंबरा ओलांडताना सवयीने त्याच्या तोंडून गेलं, "चला, आलो आपण." आणि तो तिथेच थिजला.

"आलो की," केर्टू म्हणाली. "आता दार लाव, थंडी आत येतेय."

थोड्या वेळाने ताइस्तोचा ट्रॅक्टर आला. दाराशी मी नव्हतो. दार न वाजवता तो आत शिरला, बूट काढले आणि कॉफी मागितली, जसा काही कालपर्यंत रोज येत होता. कॉफी पिऊन केर्टू घरी गेली. जाताना कुठल्या पायाने लंगडायचं हे तिला नीट आठवत नव्हतं. पण मी खराटा आहे, चहाडखोर नाही.

ऑस्मो शहरात परत गेलाच नाही. त्या संध्याकाळी आणखी कोणी घसरू नये म्हणून त्याने पायरी झाडली, ती मला हातात घेऊन. मग रोजच झाडू लागला. आता तो केर्टूबरोबर रिकाम्या घरांच्या फेऱ्यांना जातो आणि तिच्याइतकंच कमी बोलतो.

मी झिजून बुंधा उरलोय. कालच त्याने नवा खराटा बांधला, वेडावाकडा. पण तार राइलीचीच आहे, माझ्या अंगावरून हलक्या हाताने सोडवून घेतलेली. मला उद्या सौनाच्या चुलीत घालणार आहेत. ज्या भावंडांना हसलो, त्यांच्याच वाटेने चाललोय. माझी तक्रार नाही. ऑस्मोची पाठ तेवढी शेकून निघेल.

तुम्ही कधी इकडे आलात आणि एखाद्या दाराला खराटा टेकवलेला दिसला, तर घरात कोणी नाही असंच समजा. माझ्या जातीचा मान राखा. फक्त माघारी वळण्याआधी धुराड्याकडे एकदा बघा. आणि पायरीवर बर्फ असेल, तर जरा पडून बघा.