तारेचं दुसरं टोक

मी वीज मोजणारा, सुईचा मीटर बोलतोय. सौसरला मोहगावच्या रस्त्यावर गुणवंताचं मोटार वायंडिंगचं दुकान आहे, तिथल्या टेबलावर माझा मुक्काम. हल्ली माझं काम एकच, पंख्याच्या वाऱ्याने कागद उडू नयेत म्हणून त्यांच्यावर बसून राहायचं.

बावीस वर्षांपूर्वी गुणवंताने मला नागपूरहून आणलं, तेव्हा बसमध्ये मांडीवर घेऊन बसला होता. माझ्या सुईमागे आरशाची बारीक पट्टी आहे. सुई आणि तिचं प्रतिबिंब एकावर एक आलं की आकडा खरा. गुणवंता एक डोळा मिटून माझ्यात बघायचा. इतक्या निरखून त्याने स्वतःच्या लग्नात नवरीकडेही बघितलं नसेल.

दोन वर्षांपूर्वी तो क्लॅम्प मीटर आला. लाल रंगाचा, खेकड्यासारखा जबडा. तार न सोलता नुसती जबड्यात धरली की करंट किती ते पडद्यावर हजर. माझा नुसता जळफळाट झाला. माझी अँपिअरची बाजू कधीच बाद झाली होती, तीही गुणवंताच्याच चुकीने. मला फक्त व्होल्ट सांगता येत होते. पहिल्या दिवशी गुणवंताने दोन्ही तारा एकत्र त्याच्या जबड्यात धरल्या आणि पडद्यावर शून्य आलं. काय खूश झालो होतो मी! पण एकच तार धरायची असते हे त्याला दुपारपर्यंत कळलं.

तेव्हापासून गुणवंता व्होल्ट मोजेनासाच झाला. "दोनशे तीसच असते," म्हणायचा, क्लॅम्पच्या अँपिअरला तोंडीच दोनशे तिसाने गुणायचा आणि इतके वॅट म्हणून मोकळा व्हायचा. दुकानासमोरच डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर आहे. इथे दोनशे तीस खरोखरच मिळतात आणि सगळ्या मोटारी शहाण्यासारख्या चालतात.

या उन्हाळ्यात मोहगावच्या कवडूची बोअरची मोटार दोनदा जळली. दोन्ही वेळा गुणवंताने आतली जळकी तार काढून ती नव्या तारेने भरून दिली, दुकानात चालवून दाखवली. तिसऱ्यांदा जळली तेव्हा कवडू तणतणत आला. सांगायला लाज वाटते, पण मला आनंद झाला. आता त्या लाल खेकड्याची अब्रू जाईल, एवढंच माझ्या मनात होतं.

मग कवडूने खिशातून मूठभर हिरवी, बोराएवढी संत्री काढून टेबलावर टाकली.

"पाह्य गुणवंता, अशी गळून राहिली. सात वर्साची झाडं हायेत माही. पाणी नाही भेटलं त बगीचा गेला समज."

गुणवंताने जळकी मोटार उघडायला घेतली. त्याची मुलगी दामिनी आयटीआयला इलेक्ट्रिशियनचं शिकते. ती म्हणाली, "काका, वावरात मोटारीपाशी व्होल्ट मोजले का कोणी?"

कोणीच मोजले नव्हते. वायरी लावल्या तर क्लॅम्पही व्होल्ट सांगतो, पण त्या वायरी उंदरांनी कुरतडलेल्या होत्या, म्हणून दामिनीने मला उचललं. वावरापर्यंत मी आणि तो लाल खेकडा एकाच पिशवीत होतो. त्याचा जबडा माझ्या काचेला टोचत होता.

पुन्हा भरलेली मोटार बोअरमध्ये उतरवून चालू केली. दामिनीने आधी मला कवडूच्या घराजवळच्या स्टार्टरला, मोटार चालू करायच्या पेटीला लावलं. दोनशे सव्वीस. मग बोअरपाशी लावलं, तर सुई एकशे अठ्ठ्याहत्तरवर थांबली. मलाच भीती वाटली, की मी म्हातारा झालो.

"जुना डब्बा हाये तो," गुणवंता म्हणाला, "सुई अटकते त्याची."

दामिनीने काचेवर टिचकी मारली आणि एक डोळा मिटून आरशात बघितलं. "अटकली नाही बाबा. एकशे अठ्ठ्याहत्तरच हाये."

क्लॅम्पने सोळा अँपिअर सांगितले. मोटार बंद करून दामिनी वहीत लिहू लागली.

"अठ्ठेचाळीस व्होल्ट तारेतच गेले. भागिले सोळा, म्हणजे तारेचा रेझिस्टन्स तीन ओहम. अन् अठ्ठेचाळीस गुणिले सोळा, सातशे अडुसष्ट वॅट. काका, एका हॉर्सपॉवरच्या वर त तुमची तार गरम करण्यात चालली! मोटारीले व्होल्ट कमी भेटते, ते जास्त करंट ओढते अन् जळते. तार कोणती टाकली?"

कवडू ओशाळला. जुनी विहीर आटल्यावर त्याने वावराच्या पार टोकाला बोअर घेतली होती, आणि तिथवर घरातले जुन्या केबलचे तुकडे जोडत नेले होते. "चांगली होती वं पोरी," तो म्हणाला, "फेकू कशाले?"

दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याहून जाड केबल आली. मोटार अजून चालू आहे, बरीच फळं झाडावर टिकली आहेत. परवा कवडू दुकानात आला आणि म्हणाला, "गुणवंता, तुह्या त्या लाल मशीननं बराबर पकडलं!" मी कागदांवर बसून ऐकलं. हेवा काय असतो ते त्या दिवशी खरं कळलं.

काल त्या क्लॅम्पच्या नव्या वायरी आल्या. आता व्होल्टही तोच सांगणार, अँपिअरही तोच. दामिनीच्या वहीतला भागाकारही त्याच्या एकट्याचाच.

पण दामिनी, एक ऐक. गावाकडची लाइन क्षणाक्षणाला बदलते. तू स्टार्टरपासून बोअरपर्यंत चालत जाशील तेवढ्यात दहा व्होल्ट इकडचे तिकडे होतात. खरं मोजायचं तर दोन्ही टोकांना एकाच वेळी मोजायला हवं, आणि तो कितीही हुशार असला तरी दोन ठिकाणी उभा राहू शकत नाही. मोटारीपाशी त्यालाच ने, मी काही म्हणणार नाही. मला तारेच्या दुसऱ्या टोकाला लाव.