आगीत नसलेली कोयती

हे मी सांगायचे नव्हते. नवसीने मला फडक्यात गुंडाळताना बजावले होते, "कुणी काय बी इचारलं तरी गप ऱ्हायचं." कोयतीला कोण काय विचारणार, हे त्या पोरीच्या लक्षात आले नसावे. पण आज मी फार दमले आहे. इतकी, की गप्प राहण्याचेही बळ उरलेले नाही. म्हणून बोलते.

मी एक कोयती. पाते दीड वितीचे, टोकाशी किंचित वाकलेले. माझा जन्म मोरिवलीला, हिरामण लोहाराच्या भात्यापुढे झाला. लढाई संपून मिलिटरी निघून गेली, तेव्हा मागे मोडक्या लॉऱ्यांचे सांगाडे राहिले होते. त्यांतल्या एका लॉरीच्या कमानपाट्याचा तुकडा म्हणजे मी. हिरामणने मला तापवले, ठोकले आणि लाल असतानाच पाण्यात बुडवले. लोहार याला 'पाणी देणे' म्हणतात. पाणी दिले की पाते कडक होते, धार टिकते. तेच पाते पुन्हा मोठ्या आगीत सापडले तर मऊ पडते. दिसायला मात्र तसेच दिसते. एवढे ध्यानात ठेवा.

देऊने मला विकत घेतले आणि बारवी नदीच्या वरच्या अंगाला असलेल्या आपल्या वाडीवर आणले. वाडी बारा घरांची. कारवीच्या काठ्यांचे कूड, त्यावर शेणमाती, वर गवत. देऊ मला कमरेच्या लाकडी आकडीत अडकवून रानात जाई. दोन पावसाळ्यांपूर्वी तो तापाने गेला. बाराव्या दिवसानंतर त्याच्या बायकोने, तुळशीने, तीच आकडी आपल्या कमरेला बांधली. तिला ती मोठी होत होती. तिने दोरीला एक गाठ जास्त मारली आणि कामाला लागली.

तुळशी कमी बोले. झाडावर चढण्याआधी मला नुसते "चल गं" म्हणे. तिचा हात जरा हलका होता, पण घाव नेमका पडे. मला ती आवडे.

या वैशाखात वांगणीकडे वाडीतल्या एका मुलीचे लग्न होते. सारी वाडी पहाटेच निघाली. तुळशीची लेक नवसीही काकाबरोबर गेली. लग्नाला जायचे म्हणून पुरुषांनी आपापल्या कोयत्या घरच्या कुडात खोचून ठेवल्या. तुळशी एकटी मागे राहिली. तिचा राब व्हायचा होता. भाताचे रोप टाकायचे त्या जागेवर फांद्या, पाला, शेण पसरून जाळतात, त्याला राब म्हणतात. इतरांचे राब कधीच झाले होते. घरात पुरुषमाणूस नाही, म्हणून तुळशीचे सगळेच मागे पडत असे.

राब पेटवताना चार माणसे पाण्याने भिजवलेले डहाळे घेऊन उभी राहतात. तुळशीजवळ कोणी नव्हते. वारा पडलेला आहे असे बघून तिने काडी लावली. अर्ध्या तासात वारा उठला.

त्या दुपारबद्दल मला फार सांगवत नाही. आग बांधावरून सुक्या गवतात गेली आणि गवतातून वाडीकडे. तुळशी तिच्यापुढे धावत होती. तिचा दीर चांगो याच्या गोठ्यात बैलांची जोडी बांधलेली होती. तिने माझ्या एका घावाने पांढऱ्याचे दावे कापले. तांबड्यापर्यंत पोचता आले नाही. मग ती ओहोळात जाऊन बसली, मला दगडांवर फेकून दिले, आणि वर बघत राहिली. बाराही घरे गेली. माणूस मात्र एकही गेले नाही, कारण सगळी लग्नात होती.

तिसऱ्या दिवशी बदलापूरचे अण्णा मदत घेऊन आले. खाली रस्त्यापर्यंत ट्रक, तिथून डोक्यावर गाठोडी. तांदूळ, लुगडी, जर्मनची, म्हणजे अॅल्युमिनियमची, पातेली. फाळणीनंतर निर्वासितांच्या कॅम्पात येऊन राहिलेल्या सिंधी बायकांनी गोधड्या पाठवल्या होत्या. जंगलखात्याचा गार्डही आला. पलीकडच्या डोंगरावरची कारवी आणि बांबू पंधरा दिवस फुकट तोडायची परवानगी त्याने वाचून दाखवली. पाऊस फार लांब नव्हता.

"आग लागली कशी?" गार्डने विचारले.

राब कुणाचा ते कळले तर त्या माणसावर खटला होईल, आणि परवानगीही जाईल, अशी वाडीत सगळ्यांना भीती होती. सगळे चांगोकडे बघू लागले. त्याचा बैल अजून तिथेच पडला होता.

"डोंगरावरून आली, सायेब," चांगो म्हणाला.

अण्णा वही घेऊन बसले. चांगले माणूस. प्रत्येकाला 'अहो' म्हणत होते. "भांडी?" "वितळली." "जाती?" "तडकली." "कोयत्या?"

"त्या गावल्या की!" चांगोचा चेहरा तीन दिवसांत प्रथमच उजळला. "समद्या राखेत गावल्या. मुठी जळल्या, त्या घालू आमी."

"वा! मग कोयत्या नकोत," असे म्हणून अण्णांनी ती ओळ खोडली.

तुळशीजवळ येऊन त्यांनी नाव विचारले. ती म्हणाली, "माजं नका लिवू."

"अहो बाई, लाजायचं काय त्यात?"

"मला घर नको. जागा बी आखू नका."

अण्णांना वाटले, बाई दुःखाने भ्रमली आहे. चांगो आगीच्या दिवसापासून तिच्याशी एक शब्द बोलला नव्हता. रागावून बोलला असता तर तिला बरे वाटले असते, असे मला वाटते. जळक्या आंब्याखाली दोन गोधड्या टाकून ती आणि नवसी राहू लागल्या.

दुसऱ्या दिवशी माणसे नव्या मुठी बसवून कारवी तोडायला गेली आणि दुपारीच परत आली. धारा दुमडत होत्या. दगडावर घासून पुन्हा गेली, पुन्हा दुमडल्या. घरे आगीत सापडली होती आणि कोयत्या त्या घरांत होत्या. त्यांचे पाणी उतरले होते. असे चार दिवस गेले. शेवटी सदू नावाचा म्हातारा बदलापूरला जाऊन अण्णांना सांगून आला.

या चार दिवसांत नवसीने मला ओहोळात शोधले. माझी मूठ धड होती. ती बघून पोर घाबरली. बाकी सगळ्यांच्या मुठी जळलेल्या, मग हिचीच कशी नाही, असे गार्डने विचारले तर? तिने दगडाने ठोकून माझी मूठ काढली, ती चुलीत घातली, आणि मला राखेत घोळवून फडक्यात बांधले. बारा-तेरा वर्षांची मुलगी. असली कामे या वयात शिकावी लागू नयेत.

अण्णा कॅम्पातून टेकचंद नावाच्या धारवाल्याला घेऊन आले. त्याचे धार लावायचे चाक, म्हणजे सान, सदूने पाठीवरून वर आणली. गार्डही सोबत होता, दगडावर बसून चहा पीत होता. टेकचंदने एकेक पाते घेऊन त्यावर कानस फिरवली. कानस लोण्यात गेल्यासारखी रुतत होती.

"ये सगळा लोहा मेला, बाबा," तो म्हणाला. "आग ने पानी काढून टाकला. मी कॅम्पात नेतो, भट्टीत घालतो, पुन्हा पानी देतो. पण दहा-बारा दिन लागेल."

"धा-बारा दिवस?" चांगो म्हणाला. "परवानगी तवर संपल की!"

तेव्हा नवसी पुढे आली आणि तिने मला बाकीच्यांत ठेवले. टेकचंदने माझ्यावर कानस टेकवली. ती घसरली आणि मी खणकन वाजले. त्याने मला उलटसुलट करून पाहिले.

"अरे, ये तर आग में गेलीच नाही!"

गार्डने कप खाली ठेवला. "कुणाची रे ही? सगळी वाडी लग्नाला होती ना?"

तुळशी उठली. तिचे ओठ उघडले. "ती मा—"

"माजी हाय," चांगो म्हणाला. "मी लग्नाला नेलती."

"लग्नात कोयती घेऊन?"

"व्याही लई बोलतो, सायेब. कमरंला लोखंड असलं की दोन शब्द कमी बोलतो."

सदू खोकल्यासारखे हसला. मग सगळेच हसले, गार्डसुद्धा. त्याच्या मनात काय आले ते मला ठाऊक नाही. त्याने उरलेला चहा पिऊन टाकला. टेकचंदने काही न विचारता माझ्यावर धार चढवली आणि मला चांगोच्या हातात दिले. बाकीच्या अकराजणींना पोत्यात भरून तो घेऊन गेला.

चांगोने तुळशीकडे पाहिले नाही. "बोलाय येळ नाय. कारवी कापाया चला," एवढेच म्हणाला. त्याने ते परवानगीसाठी केले की भावजयीसाठी, हे मला त्या दिवशी कळले नाही. तिलाही कळले नसावे.

त्याने मला नवी मूठ बसवली, आणि तेव्हापासून मी एकटी कापते आहे. सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत. एक दमला की दुसरा मला घेतो. कोणाचा हात घामट, कोणाचा फोड आलेला. कोणी मला दगडावर आपटतो आणि मग मलाच शिव्या देतो. वाडीतली वेणूबाई मला वापरण्याआधी कपाळाला लावते. ज्या कोयतीने राबाच्या फांद्या तोडल्या तीच आता सगळ्यांच्या घरांची कारवी कापते आहे, हे वाडीत प्रत्येकाला ठाऊक आहे आणि कोणी बोलून दाखवत नाही. तुळशी मला हात लावत नाही. ती भारे वाहते. दुसऱ्यांच्या घरांसाठी, सर्वांत जड भारे. काल नवसीने तिला विचारले, "आये, आपल्याला किती काठ्या लागतील गं?" तिने पुढचा भारा डोक्यावर घेतला.

आज परवानगीचा शेवटचा दिवस. अकरा घरांपुरती कारवी झाली. आठांचे कूड उभे राहिले. ऊन डोक्यावर आले म्हणून माणसे भाकरी खायला बसली आहेत. मला आंब्याला टेकवून ठेवले आहे. माझी धार बोथट झाली आहे, पाते निम्मे झिजले आहे. अजून एका घरापुरता जीव माझ्यात आहे. पण तो मागायला कोणी येत नाही.

तुम्ही शहाणी, शिकलेली माणसे आहात. एखाद्या जळलेल्या वाडीवर कधी मदत घेऊन गेलात, तर काय जळले एवढेच विचारू नका. जे उरले म्हणून सांगतील तेही हातात घेऊन बघा. आणि कोणी बाई 'माझे नाव लिहू नका' म्हणाली, तर पान उलटण्याआधी तिच्याजवळ थोडा वेळ—

"नवसे! ए नवसे!"

चांगोचा आवाज.

"ती कोयती आण हिकडं. निजली का काय ती झाडाखाली? अजून एक घर ऱ्हायलंय. आन् वैनीला इचार, दार उगवतीला ठेवायचं का व्हतं तसंच?"

वैनी म्हणाला तो. सगळ्यांच्या भाकऱ्या हातातच राहिल्या आहेत. नवसी माझ्याकडे धावत येते आहे. पण तिच्याआधी तुळशीने डोक्यावरचा भारा खाली टाकला आहे, आणि ती माझ्या मुठीला हात घालून म्हणते आहे, "चल गं."