सीटखालची पट्टी

“आधी वरचा बोल्ट, मग खालचा,” वर्ना मोठ्याने म्हणाली आणि पाना घेऊन ट्रॅक्टरमागे गुडघ्यांवर बसली. शेडमध्ये ऐकायला कुणी नव्हतं. वाक्य तिच्या नवऱ्याचं, एल्डनचं. खालून जुनं तेल सोडलं आणि नवं ओतायचा वरचा बोल्टच हलला नाही, तर बसा बोंबलत, असं तो दर वसंतात न चुकता बजावायचा. चाळीस वर्षं तिने ते या कानाने ऐकून त्या कानाने सोडून दिलं होतं. आता शब्द न् शब्द आठवत होता.

एल्डन फेब्रुवारीत गेला. हृदय. मेच्या शेवटच्या सोमवारी विस्कॉन्सिनमधली सगळी गावं आपापल्या कबरींवर फुलं ठेवतात. त्याआधी चर्चमागच्या दफनभूमीतलं गवत कापायचं काम तीस वर्षं एल्डनच्या या लहानशा, पिवळा रंग उडालेल्या ट्रॅक्टरचं. पाद्रीबाईंनी दुसरा माणूस बघते म्हटल्यावर वर्ना फटकन म्हणाली होती, “काही गरज नाही. त्याच्यावरचं गवत मी कापीन.”

तेल पातळ व्हावं म्हणून तिने ट्रॅक्टर अंगणात दहा मिनिटं फिरवून आणला होता. सीट वर उचलली की आतल्या बाजूला चिकटपट्टी होती आणि तिच्यावर एल्डनच्या ठसठशीत अक्षरात तारखा. गिअरचं तेल बदललं, एप्रिल. खाली पुढच्या वर्षीचा एप्रिल. अगदी गेल्या वर्षापर्यंत. वर्नाने शेवटच्या ओळीवरून बोट फिरवलं. त्या ओळीचा तिला फार आधार होता. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं होतं, “हे दोन-तीन वर्षांचं दुखणं दिसतंय. तुमच्या काहीच लक्षात आलं नाही?” तेव्हा ती ताठ मानेने म्हणाली होती, “नाही. सगळं स्वतः करायचा तो. ट्रॅक्टरचं तेलसुद्धा.”

बोल्ट काही हलेना. तिने लाथ मारून पाहिली, शिव्या घालून पाहिल्या. शेवटी कुंपणापलीकडच्या मिलोला हाक मारली.

“अगं, एवढ्या तेवढ्यासाठी गुडघे फोडून घेतेस?” मिलो आला तो हातभर लांब लोखंडी पाइप घेऊनच. “सरक बघू. तुझ्याच्यानं नाही व्हायचं ते.”

“तुझ्याच्यानं होतंय का ते बघू आधी, म्हाताऱ्या.”

पान्याच्या दांड्यावर पाइप चढवून मिलो दोन्ही हातांनी लोंबकळला. करकरत बोल्ट सुटला. आट्यांमधून गंजाचा लाल भुगा पडला. मिलोने तो बोटांत चोळला.

“हा बरीच वर्षं उघडलेला नाही, वर्ना.”

“काहीतरीच. गेल्या एप्रिलमध्ये उघडलाय. ही बघ तारीख.”

मिलोने पट्टी वाचली आणि नुसतं “बरं” म्हणाला. त्याने खाली घमेलं सरकवून खालचा बोल्ट काढला. तेल यायला हवं होतं मधासारखं. आलं ते दूध घातलेल्या कॉफीसारखं, गढूळ. आत पाणी शिरून मुरलेलं. 

वर्ना उठली. एल्डन दर वसंतात तेलाचा एक नवा कॅन विकत आणायचा. शेडमधल्या कपाटाच्या वरच्या फळीवर, रंगाच्या डब्यांमागे, तिने हात घातला. तेलाचा एक कॅन निघाला. मग दुसरा. मग तिसरा. तिन्हींची सीलं शाबूत होती.

“मिलो,” ती म्हणाली, “तुला माहीत होतं?”

मिलोने टोपी काढली. “तीन वर्षांपूर्वी मी अचानक आलो होतो इथं. एल्डन त्या पालथ्या बादलीवर बसलेला. तोंड राखेसारखं. म्हणाला, खाली वाकलो की श्वासच पुरत नाही. वर म्हणाला, वर्नाला बोललास तर याद राख, ती मला उचलून डॉक्टरकडे नेईल.”

“नेलंच असतं! फरपटत नेलं असतं!” तिचा आवाज फाटला. “आणि तू गप्प बसलास!”

“बसलो,” मिलो म्हणाला. “रोज खातंय ते मला.”

वर्नाला त्याला धक्के मारून हाकलावंसं वाटलं. पण तिच्या डोळ्यांसमोर भलतंच उभं राहिलं. गेल्या तिन्ही वसंतांत एल्डन कोपरापर्यंत काळे हात घेऊन स्वयंपाकघरात आला होता. तिने तिन्ही वेळा त्याला फैलावर घेतलं होतं. “त्या पांढऱ्या टॉवेलला हात लावशील तर बघ! शेडमध्ये चिंध्या कमी आहेत?” आणि तो हसत उभा राहायचा, पोरासारखा, बोलणी खात. म्हणजे बादलीवर बसून, धाप ओसरायची वाट बघून, त्याने कुठलंतरी वंगण हाताला फासलं होतं. तिने ओरडावं म्हणून. तिला काही कळू नये म्हणून. आणि तिने टॉवेल पाहिला, हात पाहिले, तोंडाकडे पाहिलंच नाही.

“नरसाळं धर,” ती मिलोला म्हणाली.

पहिला कॅन आत खळबळून धुण्यात गेला. दुसरा सावकाश ओतला, तिसरा पुढच्या वर्षासाठी ठेवला. बाजूच्या मापाच्या भोकातून स्वच्छ तेलाचा ओघळ आला तेव्हा मिलो म्हणाला, “बस्स, भरलं.” बोल्ट आवळून झाल्यावर त्याने पट्टीकडे बघत विचारलं, “काढून टाकू? खोटंच आहे ते.”

“हात लावू नकोस.”

तिने पेन्सिल घेतली आणि त्याच्या ओळींखाली आजची तारीख लिहिली.

घरात येऊन ती सिंकपाशी उभी राहिली. हात कोपरापर्यंत काळे होते. पांढरा टॉवेल खुंटीवर होता, घडी न मोडलेला. ती थोडा वेळ तशीच थांबली. कुणीच ओरडलं नाही. मग तिने टॉवेल ओढला आणि त्यालाच हात पुसले, एकेक बोट, अगदी नीट.